एका हाकेला दोन ‘ओ’: वायफायवरची दुबार पॅकेटं कुठून येतात

पिंग लावलंय, म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाका मारून त्याची उत्तरं मोजतोय. ओळी सरकतायत, आणि मध्येच एका ओळीच्या शेपटाला कंसात ‘डुप!’ (डुप्लिकेट, दुबार) असा शेरा. पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, हरवलेलं नाही. उलट एक जास्तीचं आलंय. हरवलेल्या पॅकेटाची आपल्याला सवय असते, सिग्नल कमी पडला असेल म्हणून मोकळं होता येतं. जास्तीच्या पॅकेटाचं काय करायचं ते चटकन सुचत नाही. मग चॅनेल बदलला जातो, अँटेना वळवला जातो, शेवटी राउटर बंद करून पुन्हा चालू केला जातो. तेवढ्याने शेरा गायब होतो. आठ-दहा दिवसांनी परत हजर.

मी ज्या नेटवर्कची देखभाल करतो तिथे हा पाहुणा चार महिने दर आठवड्याला येत होता. मूळ तक्रार पिंगची नव्हतीच. दारांवर लावलेले सेन्सर दार उघडलं-मिटलं की यूडीपीने (पोच न मागणाऱ्या साध्या पद्धतीने) एक नोंद ब्रॉडकास्ट करतात, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम पाठवतात, आणि सर्व्हर ती डेटाबेसात घालतो. सोमवारी अहवाल काढला की शनिवार-रविवारच्या नोंदी दुबार. काही तर चाळीस-चाळीस वेळा, आणि काही मुळातच नाहीत. रविवारी पहाटे एकच दार चाळीस वेळा कोण उघडतंय, म्हणून रखवालदाराची उलटतपासणीसुद्धा झाली. मी सोमवारी तपासायला बसायचो तेव्हा सगळं ठणठणीत.

काय निघालं ते पुढे सांगतो. त्याआधी एक गोष्ट, जी मला खूप उशिरा सुचली. ‘पॅकेट दोनदा का आलं?’ हा प्रश्न विचारला की उत्तरात वीस कारणांची जंत्री मिळते आणि आपण ती वरून खाली चाचपत बसतो. त्याऐवजी ‘दुसरी प्रत कुठे जन्मली?’ असं विचारा. पाठवणाऱ्याने दोनदा पाठवलं, वाटेत कुणीतरी प्रत काढली, की मोजणाऱ्यानेच एकाला दोनदा मोजलं? जागा सापडली की कारण बहुधा तिथे समोरच बसलेलं असतं.

आधी शेरा खरा आहे का ते पहा

पिंग दर हाकेला एक क्रमांक देतं. एकाच क्रमांकाचं उत्तर दुसऱ्यांदा आलं की लिनक्सवर ‘डुप!’ छापलं जातं आणि शेवटच्या हिशोबात ‘अधिक ३७ डुप्लिकेट्स’ अशी भर दिसते. विंडोजचं पिंग असा शेरा मारत नाही, त्यामुळे ‘माझ्या मशीनवर तर काही दिसत नाही’ हे वाक्य फारसं मनावर घेऊ नका.

ब्रॉडकास्ट किंवा मल्टिकास्ट (एका गटाच्या) पत्त्याला पिंग केलं असेल तर दहा यंत्रं उत्तर देणार आणि पहिलं सोडून बाकी नऊंवर शेरा पडणार. तो दोष नव्हे. सबनेटचा, म्हणजे आपल्या नेटवर्कच्या भागाचा, शेवटचा (म्हणजे ब्रॉडकास्टचा) पत्ता चुकून टाइप करून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांत एकदा मीही होतो.

व्हर्च्युअल मशीनमधून, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकातून, पिंग करत असाल आणि ते मशीन वायफायवर ब्रिज केलेलं (थेट त्याच नेटवर्कला जोडलेलं) असेल, तर तेच पिंग आधी होस्टवरून, म्हणजे मूळ संगणकावरून, करून पहा. वायफायचा साधा क्लायंट ॲक्सेस पॉइंटशी (वायफाय देणाऱ्या डब्याशी) फक्त स्वतःच्या मॅक पत्त्याने (नेटवर्क कार्डाच्या पत्त्याने) बोलू शकतो. त्यामुळे व्हर्च्युअल मशीनसाठी होस्टला पत्त्यांची अदलाबदल करावी लागते, आणि त्या हातचलाखीत एका पॅकेटाची दोन होऊ शकतात. होस्टवरून शेरा येत नसेल तर हवेला, राउटरला, शेजाऱ्याच्या वायफायला बोल लावू नका.

मग आकृतिबंध बघा. निदान २०० पिंग सोडा आणि शेरे कसे पडतात ते पहा. हजारात चार-दोन, तेही विखुरलेले, असतील तर गोष्ट वेगळी. दर हाकेला नेमका एक जादा ‘ओ’ येत असेल तर दोन समांतर वाटा उघड्या असण्याची शक्यता मोठी. दर हाकेला तीन जादा? मग जाताना एकाची दोन होतायत आणि येताना त्या प्रत्येकाची पुन्हा दोन. दोन दुणे चार. आणि आकडा वाढतच चालला, उत्तरांचा लोंढा थांबेचना, तर वाचन इथेच सोडा आणि लूप, म्हणजे जोडण्यांचं बंद वर्तुळ, शोधायला उठा.

हवेवरचा आळ

वायफायवर दुबार पॅकेट म्हटलं की पहिला संशय रिट्रायवर, म्हणजे हवेतून पुन्हा पाठवण्यावर, जातो. तो का जातो आणि बहुतेक वेळा का खोटा ठरतो, हे नीट पाहण्यासारखं आहे.

८०२.११ मध्ये, म्हणजे वायफायच्या मानकात, एका यंत्राला उद्देशून पाठवलेल्या प्रत्येक फ्रेमची (पॅकेट ज्या लिफाफ्यातून जातं त्याची) पोच लागते. घेणाऱ्याने फ्रेम मिळाल्यावर २.४ गिगाहर्ट्झवर १० मायक्रोसेकंदांनी, ५ गिगाहर्ट्झवर १६ मायक्रोसेकंदांनी १४ बाइटची छोटी पोच धाडायची. पाठवणाऱ्याला पोच ऐकू आली नाही की तो तीच फ्रेम पुन्हा पाठवतो आणि तिच्या कपाळावर रिट्राय बिट लावतो. असे प्रयत्न साधारण सात.

आता समजा फ्रेम व्यवस्थित पोहोचली, पण पोच वाटेत बुडाली. पाठवणारा बिचारा पुन्हा पाठवणार. घेणाऱ्याच्या हातात तीच फ्रेम दोनदा. हीच ती दुबार, असं म्हणून लोक थांबतात. पण मानक लिहिणाऱ्यांनी हे आधीच ओळखलं होतं. प्रत्येक फ्रेमवर १२ बिटांचा क्रमांक असतो, ० ते ४०९५. घेणारा प्रत्येक पाठवणाऱ्याचा शेवटचा क्रमांक लक्षात ठेवतो. रिट्राय बिट लागलेला आणि क्रमांक तोच, म्हणजे माल आधीच मिळालाय. पोच पुन्हा द्यायची, फ्रेम केरात टाकायची. वरच्या थराला याचा पत्ताही लागत नाही. २००९ च्या ८०२.११एनपासून फ्रेम जथ्याने जातात आणि एकगठ्ठा पोच मिळते. त्या जथ्याची खिडकी ६४ फ्रेमची, ८०२.११एएक्समध्ये २५६ पर्यंत. तिथेही घेणारा क्रम लावताना दुबार फ्रेम गाळतो.

याच्या वर आणखी एक पहारेकरी आहे, ज्याची कुणी आठवणच काढत नाही. डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेची सीसीएमपी पद्धत प्रत्येक फ्रेमला ४८ बिटांचा पॅकेट क्रमांक देते. तो वाढतच जायला हवा. जुना क्रमांक पुन्हा आला तर घेणारा त्याला हल्लेखोराने मुद्दाम परत वाजवलेली फ्रेम समजून फेकून देतो. हवेतल्या साध्या रिट्रायमध्ये तोच पॅकेट क्रमांक परत जातो. म्हणजे पहिल्या गाळणीतून चुकून निसटली तरी दुबार फ्रेम इथे अडकणार. पासवर्ड असलेल्या वायफायवर हवेतला रिट्राय थेट पिंगपर्यंत दुबार होऊन पोहोचणं फार अवघड आहे. तरी आळ त्याच्यावरच येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

संन्याशाची एक खोड मात्र खरी. हार्डवेअरचे सगळे प्रयत्न संपल्यावर ड्रायव्हरने तेच पॅकेट पुन्हा रांगेत टाकलं, आणि या वेळी त्याला नवा फ्रेम क्रमांक आणि नवा पॅकेट क्रमांक मिळाला, तर दोन्ही पहारेकरी त्याला नवं समजून आत सोडतील. ‘फर्मवेअर अपडेट केलं आणि शेरे गेले’ अशा गोष्टींत तथ्य असतं ते इथे. पण हा संशय शेवटी. आधी नाही.

ब्रॉडकास्टचा न्याय निराळा. ॲक्सेस पॉइंट हवेत ब्रॉडकास्ट सोडतो तेव्हा पोच नसते, म्हणून रिट्रायही नसतो. माझे सेन्सर ब्रॉडकास्ट करत होते. सेन्सरपासून ॲक्सेस पॉइंटपर्यंतचा पहिला टप्पा तेवढा पोच घेऊन जातो, कारण क्लायंटचा ब्रॉडकास्टही आधी ॲक्सेस पॉइंटलाच सुपूर्द होतो. त्याच्या पुढे रिट्रायला जागाच नाही. एका नोंदीच्या चाळीस प्रती हवेतल्या गोंगाटाने होणं शक्य नव्हतं, हे मला पहिल्याच सोमवारी कळायला हवं होतं. मी मात्र तीन आठवडे चॅनेल बदलत बसलो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

दोन प्रती शेजारी ठेवून पाहणं

येणारी-जाणारी पॅकेटं पकडा, म्हणजे नोंदवून ठेवा, मग ती वायरशार्क या पॅकेटं वाचायच्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि दुबार जोडीच्या चार गोष्टी ताडून पहा: आयपीचा ओळख क्रमांक, टीटीएल (दर राउटरपाशी एकाने घटणारा आकडा), दोन प्रतींमधला वेळ आणि मॅक पत्ते. माझ्या अनुभवात दहापैकी आठ प्रकरणं इथेच उलगडतात.

ओळख क्रमांक तोच आणि टीटीएलही तोच असेल, तर पाठवणाऱ्याने एकदाच पाठवलंय आणि प्रत राउटरच्या खालच्या थरात झाली आहे: ब्रिज (दोन जोडण्या एक करणारा), स्विच (तारा जोडणारा डबा), ॲक्सेस पॉइंट, रिपीटर, नाहीतर तुमचं पकडण्याचं साधन. ब्रिज टीटीएलला हात लावत नाही, म्हणून लूपमध्ये शंभर फेऱ्या मारलेलं पॅकेटही कोरं करकरीत दिसतं.

ओळख क्रमांक तोच, पण टीटीएल एकाने कमी, म्हणजे ६४ आणि मग ६३ किंवा १२८ आणि मग १२७? ती प्रत नव्हे. तेच पॅकेट राउटरला वळसा घालून परत आलंय आणि तुम्ही त्याला दोन्ही वेळा पाहिलंत. एखाद्या यंत्राचा सबनेट मास्क (आपलं नेटवर्क कुठवर ते सांगणारी सेटिंग) चुकला की शेजारच्याशी बोलायलाही ते राउटरमार्गे जातं आणि नेमकं असं दिसतं.

ओळख क्रमांक वेगळा, पण आतला टीसीपीचा (पोच घेऊन माल पोहोचवणाऱ्या पद्धतीचा) क्रमांक तोच, तर पाठवणाऱ्याने समजून-उमजून दुसऱ्यांदा पाठवलंय. दोष प्रतींचा नाही, उशिराचा किंवा गळतीचा आहे. वायफायवर याची एक खास तऱ्हा आहे. ॲक्सेस पॉइंटची रांग तुंबली किंवा फोन वीज वाचवायला डुलकी काढत होता, म्हणून पोच यायला काहीशे मिलिसेकंद लागले. लिनक्सचं टीसीपी कमीत कमी २०० मिलिसेकंद थांबतं. तेवढ्यात पोच आली नाही तर ते पुन्हा पाठवतं, आणि मग मूळ आणि नवं अशी दोन्ही सुखरूप पोहोचतात. घेणारा डीसॅकने ‘हे मला आधीच मिळालंय’ असं कळवतो. ही सोय २००० सालच्या आरएफसी २८८३ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात आहे. नेटस्टॅट या आज्ञेच्या आकडेवारीत मिळालेल्या डीसॅकचा आकडा वाढताना दिसला तर दुबार पॅकेटांमागे धावणं सोडा आणि रांग तपासा.

इथे दोन सूचना. एक, पॅकेटाचे तुकडे करू नयेत असं चिन्ह लावलेलं असेल तर काही प्रणाली ओळख क्रमांक सरळ ० ठेवतात. २०१३ च्या आरएफसी ६८६४ ने त्याला वाव दिला आहे. त्यामुळे ‘दोन्हीकडे ०’ हा पुरावा होत नाही. दोन, आयपीव्ही६ च्या मूळ शीर्षकात असा क्रमांकच नाही, म्हणून तिथे आतल्या मजकुरावर भिस्त ठेवा.

वेळेचं अंतरही बरंच बोलतं. काही मायक्रोसेकंद असेल तर मी आधी पकडण्याच्या साधनावर संशय घेतो. एक ते काही दहा मिलिसेकंद असेल तर दुसरी प्रत बहुधा दुसऱ्या वाटेने, त्यातही हवेतल्या टप्प्याने आली. २०० च्या पुढे गेलं की टीसीपी.

मॅक पत्त्यांबद्दल एक अडचण. साध्या पकडीत वायफायचं शीर्षक काढून त्याजागी इथरनेटसारखं शीर्षक चिकटवलेलं असतं. फ्रेम कोणत्या ॲक्सेस पॉइंटने हवेत सोडली ते त्यात दिसत नाही. त्यासाठी हवेतलं सगळं जसंच्या तसं ऐकणारा मॉनिटर मोड लागतो. तो लावला की दुसरीच गंमत होते: हवेतला प्रत्येक रिट्राय दिसायला लागतो, आणि एका क्लायंटचा ब्रॉडकास्ट एकदा ॲक्सेस पॉइंटकडे जाताना आणि एकदा त्याच्याकडून निघताना, असा दोनदा दिसतो. पहिल्यांदा मॉनिटर मोड पाहणाऱ्याला वाटतं, सगळं नेटवर्कच दुबार झालंय. रिट्राय बिट लागलेल्या फ्रेम बाजूला काढा, दिशेचे बिट पहा, मग मत बनवा.

मोजणाऱ्याचीच चूक

लिनक्सवर टीसीपीडम्प या पकडण्याच्या प्रोग्रॅमला ‘एनी’ (म्हणजे सगळे) इंटरफेस दिला आणि यंत्रात ब्रिज असेल, तर एकच पॅकेट वायफाय इंटरफेसवर एकदा आणि ब्रिजवर एकदा मोजलं जातं. ॲक्सेस पॉइंटवरच पकडायला बसलेल्या प्रत्येकाचं एकदा तरी असं होतं. स्विचवर मिररिंग (पकडण्यासाठी वाहतुकीची प्रत काढणं) लावताना दोन पोर्टांची येणारी आणि जाणारी अशी दोन्ही वाहतूक मागितली, तर त्या दोघांमधलं प्रत्येक पॅकेट एका पोर्टात शिरताना आणि दुसऱ्यातून निघताना पकडलं जातं. अशा पकडीतल्या जोड्यांमध्ये सगळं तंतोतंत सारखं असतं आणि अंतर मायक्रोसेकंदांत. एडिटकॅप या पकडी छाटायच्या साधनात दुबार पॅकेटं गाळायची सोय आहे, मूळ खिडकी पाच पॅकेटांची. पण निदान चालू असताना ती वापरू नका. पुरावाच पुसला जाईल.

पिंगचे शेरे मात्र पकडीच्या चुकीमुळे पडत नाहीत. पिंग आपलं मोजमाप स्वतः करतं. शेरा आहे पण पकडीत जोडी नाही, किंवा पकडीत जोडी आहे पण शेरा नाही, हा फरकच पुष्कळ सांगून जातो.

दोन टोकांना पकड

अजून जागा सापडली नसेल तर पिंग करणाऱ्याकडे आणि उत्तर देणाऱ्याकडे एकाच वेळी पकड लावा. निघालेली हाक एक, पलीकडे पोहोचलेल्या हाका दोन, तर प्रत जाताना झाली. पोहोचलेली हाक एक, निघालेलं उत्तर एक, आणि इकडे आलेली उत्तरं दोन, तर परतीच्या वाटेवर. एवढ्याने शोधाचं निम्मं रान मोकळं होतं. मग मधल्या एकेका ठिकाणी सरकत जा: तारेवरून राउटरला पिंग, वायफायवरून राउटरला, पहिल्या ॲक्सेस पॉइंटवरून, दुसऱ्यावरून. जिथे ‘नाही’चं ‘आहे’ होतं, तिथेच थांबायचं.

लॅपटॉपला तार आणि वायफाय दोन्ही लागलेली असतील तर एक सोडवून ठेवा. एकाच सबनेटमध्ये दोन पाय असले की प्रत्येक ब्रॉडकास्ट दोन्ही पायांना लागतो आणि यादीत एकच प्रिंटर दोनदा दिसतो. लिनक्स तर आपला आयपी पत्ता इंटरफेसचा नव्हे, साऱ्या यंत्राचा समजतं, म्हणून एका इंटरफेसच्या पत्त्याची आर्प चौकशी (‘या आयपीचा मॅक पत्ता कोणता?’) आली तरी दोन्ही उत्तर देतात. आर्पिंगने मुद्दाम अशी चौकशी केली की एका आयपीसाठी दोन मॅक पत्ते दिसतात आणि कुणीतरी पत्ता चोरलाय असं वाटतं. लिनक्सच्या सेटिंगमध्ये आर्प इग्नोर १ आणि आर्प अनाउन्स २ केलं की हे थांबतं. दोन मॅक पत्त्यांपैकी एकही त्या यंत्राचा नसेल, तर मात्र खरोखर दोघांनी एकच आयपी घेतलाय.

लांबच्या जोडण्यांचं दुखणं आणखी वेगळं. दोन इमारतींच्या गच्च्यांवर अँटेना लावून १० किलोमीटरची जोडणी केली असेल, तर प्रकाशालाही जाऊन यायला सुमारे ६७ मायक्रोसेकंद लागतात. पोचेची वाट पाहण्याचा अवधी त्याहून कमी ठेवलेला असेल तर पाठवणारा पोच येण्याआधीच निराश होतो आणि पुन्हा पाठवतो. मग पुन्हा. गंमत अशी की पहिलीच फ्रेम पोहोचलेली असते आणि पुढच्या सगळ्या वाया. गळती जवळजवळ शून्य, सिग्नल उत्तम, रिट्राय प्रचंड आणि वेग गोगलगायीचा: हे चारही एकत्र दिसले की अंतराची सेटिंग पहा. ती मीटरमध्ये किंवा किलोमीटरमध्ये मागितलेली असते आणि बहुतेक वेळा कुणी भरलेलीच नसते.

लूप

आता माझ्या शनिवारची गोष्ट.

इथरनेटच्या फ्रेमला टीटीएल नसतो. स्विच आणि ब्रिज यांच्यात एक बंद वर्तुळ झालं की ब्रॉडकास्ट त्यात फिरतच राहतो, आणि प्रत्येक फेरीत सगळीकडे एकेक प्रत टाकून जातो. यावरचा उतारा, स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला: स्विच एकमेकांना बीपीडीयू नावाच्या छोट्या फ्रेम पाठवून वर्तुळ ओळखतात आणि एक पोर्ट मुद्दाम बंद ठेवतात. तारेच्या नेटवर्कवर लोक हे लक्षात ठेवतात. पण हवेतली जोडणी हीसुद्धा एक तारच आहे, हे विसरलं जातं. मेशचा (हवेतूनच एकमेकांना जोडलेल्या वायफाय डब्यांच्या जाळ्याचा) नोड किंवा चार पत्त्यांच्या पद्धतीने चालणारा रिपीटर हवेतून मुख्य ॲक्सेस पॉइंटला जोडलेला असतो. त्याच्या पाठीवरच्या इथरनेट पोर्टातून एक केबल त्याच स्विचला जाऊन मिळाली की वर्तुळ पूर्ण. काही उपकरणं हे ओळखून हवेतली वाट बंद करतात. काही बीपीडीयू पुढेच जाऊ देत नाहीत, मग स्पॅनिंग ट्री असूनही आंधळी.

आमच्याकडे शेरे सापडेनात, कारण मी नेमका ते नसताना शोधत होतो. शेवटी वैतागून एक छोटं यंत्र कोपऱ्यात ठेवलं आणि त्यावर दर सेकंदाला एक पिंग चालू ठेवलं. लिनक्सच्या पिंगला कॅपिटल डी हा पर्याय दिला की प्रत्येक ओळीपुढे वेळ छापली जाते. चार दिवसांनी नोंदी चाळल्या. शुक्रवार स्वच्छ. शनिवारी दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी पहिला ‘डुप!’, मग पावसासारखे. सोमवारी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी शेवटचा. त्याच वेळांची स्विचची नोंदवही उघडली, तर एकच मॅक पत्ता क्षणात पोर्ट ३ वर, क्षणात पोर्ट ९ वर, परत ३ वर, अशी शेकडो वाक्यं. ॲक्सेस पॉइंटमध्ये लिनक्सच होतं. त्याच्या कर्नलच्या नोंदीत ब्रिज सांगत होता की माझाच पत्ता स्रोत म्हणून लावलेलं पॅकेट माझ्याकडे येतंय. याहून स्पष्ट कबुलीजबाब मिळणं नाही. तो चार महिने तिथेच लिहिलेला होता.

पोर्ट ३ म्हणजे मुख्य ॲक्सेस पॉइंट. पोर्ट ९ म्हणजे सभेच्या खोलीतलं भिंतीवरचं सॉकेट. त्या खोलीत एक मेश नोड आणि टेबलावर एक निळी केबल. केबलचं एक टोक नोडच्या पाठीत, दुसरं मोकळं, कुणाला लॅपटॉप लावायचा तर लावता यावा म्हणून. शनिवारी दुपारी सफाई व्हायची. टेबल पुसताना लोंबणारं टोक दिसलं की ते भिंतीतल्या सॉकेटात नीट खोचून ठेवलं जायचं. मोकळं टोक बघून माणसाला चैन पडत नाही हेच खरं. सोमवारी सकाळी सभेला आलेला पहिला माणूस ते उपटून आपल्या लॅपटॉपला लावायचा आणि मी यायच्या आत प्रश्न मिटायचा. स्विचमध्ये ब्रॉडकास्टवर मर्यादा घातलेली होती, म्हणून नेटवर्क पूर्ण झोपलं नाही, नुसतं लंगडत राहिलं. ती मर्यादा नसती तर पहिल्याच शनिवारी सगळं बंद पडलं असतं आणि अर्ध्या तासात कारण सापडलं असतं. सोय कधीकधी अशी नडते.

तुमच्याकडे लूपचा संशय असेल तर पिंग चालू ठेवून एकेक केबल काढत जा आणि शेरे कधी थांबतात ते पहा. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट धीर धरा. जुन्या स्पॅनिंग ट्रीला पोर्ट सुरू करताना ऐकणं आणि शिकणं यांत १५-१५ सेकंद लागतात, आणि त्या तीस सेकंदांत काढलेला निष्कर्ष चुकतो. तारा सगळ्या काढूनही शेरे राहिले तर नोड एकेक करून बंद करा. सापडलेली केबल काढून टाकणं हा इलाज नव्हे, कारण ती परत कुणीतरी लावणारच. नोडला तारेची वाट खरोखर द्यायची असेल तर हवेतला बॅकहॉल (मुख्य ॲक्सेस पॉइंटशी असलेली जोडणी) सेटिंगमधून बंद करा. नसेल द्यायची तर भिंतीवरच्या सॉकेटांच्या पोर्टांवर लूप संरक्षण लावा, म्हणजे स्विचला स्वतःचीच फ्रेम परत आलेली दिसली की पोर्ट बंद होईल. नोडमधून ती फ्रेम पलीकडे जाते की नाही, हे एकदा मुद्दाम केबल लावून तपासा. आमच्याकडे बीपीडीयू जात नव्हते, स्विचची स्वतःची चाचणी-फ्रेम जात होती.

सर्व्हरचीही थोडी डागडुजी केली. यूडीपी दुबार गाळत नाही, ते काम ॲप्लिकेशनचं आहे. सेन्सरच्या नोंदीत क्रमांक आधीपासून होता, फक्त तो कुणी वाचत नव्हतं. आता सेन्सर आणि क्रमांक मिळून तीच जोडी पुन्हा आली की नोंद घातली जात नाही. हे मी लूप मिटवल्यानंतर केलं, आधी नाही. आधी केलं असतं तर अहवाल सुधारला असता आणि लूप तसाच राहिला असता.

कोपऱ्यातलं पिंग अजून चालू आहे. त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी ४ वाजून १० मिनिटांनी १७ शेरे पडले आणि थांबले. स्विचने पोर्ट ९ बंद केलं होतं. सोमवारी सकाळी तक्रार आली, सभेच्या खोलीतल्या भिंतीच्या सॉकेटला नेट येत नाही.